शब्दकोड्याआधी कान तपासा

साठी ओलांडलेल्या माणसाला डोकं तल्लख ठेवण्यासाठी जे सल्ले मिळतात, ते बहुतेक घरात बसून एकट्यानं करायचे असतात. शब्दकोडं सोडवा, सुडोकू करा, रोज भिजवलेले बदाम खा, ब्राह्मीची गोळी घ्या, मोबाइलवर स्मरणशक्तीचे खेळ खेळा. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यातून एक समज घट्ट होत जातो: डोकं शाबूत ठेवणं हा ज्याचा त्याचा गृहपाठ, आणि ज्याला विसर पडू लागला त्यानं तो नीट केला नसणार. माझं म्हणणं याच्या उलट आहे. उतारवयात बुद्धी टिकवण्याचे जे मोठे उपाय आज हाती आहेत, ते कान, रक्तदाब, गोळ्यांचा डबा आणि घराबाहेरची माणसं यांच्याशी जोडलेले आहेत, आणि सार्वजनिक व्यवस्था उभी राहिल्याशिवाय ते सामान्य माणसाला मिळत नाहीत. त्यातही सगळ्यांत उपेक्षित आहे तो कान.

कोड्यांचं आधी उरकून घेऊ. अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्या २,८०२ जणांवर ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाची मोठी चाचणी झाली. तिचे पहिले निष्कर्ष २००२ मध्ये आले. एका गटाला स्मरणाचे धडे दिले, दुसऱ्याला तर्काचे, तिसऱ्याला पडद्यावर झटपट पाहून उत्तर देण्याचे. ज्याला जे शिकवलं त्यात तो सुधारला, दुसऱ्या विषयात नाही. तिसऱ्या प्रकारच्या सरावाबद्दल पुढच्या काही वर्षांच्या पाठपुराव्यात आशादायक गोष्टी दिसल्या, पण तो सराव म्हणजे रविवारच्या पुरवणीतलं कोडं नव्हे. स्मरणशक्तीचे खेळ विकणाऱ्या ‘ल्युमॉसिटी’च्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २० लाख डॉलर भरायला लावले, कारण या खेळांनी वयोमानाचं विस्मरण लांबणीवर पडतं या जाहिरातीला पुरावा नव्हता. गिंको या वनस्पतीच्या अर्काची चाचणी ३,०६९ वृद्धांवर झाली. २००८ मध्ये निष्कर्ष आला की स्मृतिभ्रंशाचं प्रमाण त्यानं कमी झालं नाही. आपल्याकडे ब्राह्मीवर झालेले अभ्यास लहान आहेत, आणि त्यांच्या जोरावर ‘स्मृतिभ्रंश टळतो’ असं म्हणता येत नाही. शब्दकोडं आवडत असेल तर जरूर सोडवावं; चांगला वेळ जातो, शब्द सापडल्याचा आनंद होतो. औषध म्हणून मात्र त्याच्याकडे पाहू नये.

मग करायचं काय? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये आजवरचा पुरावा चाळून स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी १४ कारणं मांडली. लहानपणी शाळा न मिळणं, श्रवणदोष, रक्तातलं वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अति मद्यपान, एकटेपणा, प्रदूषित हवा आणि उपचार न झालेला दृष्टिदोष. ही सगळी कारणं दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबणीवर पडू शकतील, असा आयोगाचा अंदाज आहे. हा आकडा लोकसंख्येचा आहे, एका माणसाला दिलेली हमी नव्हे. निम्म्याहून मोठा हिस्सा अजून कोणाच्याच हातात नाही. त्यामुळे आईला अल्झायमर झालेल्या मुलीला ‘तुम्ही त्यांना काही वाचायला देत नव्हता का?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांनी थोडा आवर घालावा.

या यादीकडे नीट पाहिलं तर तिच्यात बदाम नाहीत, कोडी नाहीत. आहे ते सरकारच्या शिक्षण, आरोग्य आणि पर्यावरण खात्यांचं काम. भारतातल्या साठीच्या पुढच्यांचा जो देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि शाळा न पाहिलेल्यांत जास्त. ज्या आजीला सातव्या वर्षी गुरं राखायला पाठवलं, तिला सत्तराव्या वर्षी ‘मेंदूला व्यायाम द्या’ म्हणण्यात काय हशील?

आयोगाच्या हिशेबात श्रवणदोषाचा वाटा ७ टक्के आहे, म्हणजे यादीतला सर्वांत मोठा (कोलेस्टेरॉलचा तेवढाच). तरी आपल्या घरांत कानाकडे सगळ्यांत शेवटी लक्ष जातं. याचं एक कारण हा दोष कसा येतो त्यात आहे.

वयानुसार येणारा बहिरेपणा सगळे आवाज सारखे कमी करत नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, साधारण २,००० हर्ट्झच्या वरचे. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, च, ट, क, फ यांसारखी व्यंजनं मुळात हलकी आणि वरच्या पट्टीतली, ती निसटू लागतात. ‘पाच’, ‘काच’ आणि ‘टाच’ सारखेच वाटतात. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत गोंधळ होतो, आणि तो औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर झाला तर महागात पडतो. मुलाचं बोलणं कळतं, नातीचं बारीक आवाजातलं कळत नाही. शांत खोलीत समोरासमोर गप्पा होतात, लग्नाच्या हॉलमध्ये काहीच उमगत नाही. माणूस अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, ‘मला ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.’ आवाज त्याच्यापर्यंत पोचतो, शब्द पोचत नाहीत. घरचे मग ओरडू लागतात. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं जिथल्या तिथं राहतात. शिवाय अशा कानाला मोठा आवाज चटकन असह्य होतो, म्हणून ओरडणाऱ्याला वरून ‘केकाटू नकोस’ हेही ऐकावं लागतं.

याचा बुद्धीशी संबंध कसा, याची तीन स्पष्टीकरणं दिली जातात आणि बहुधा तिन्ही थोडी थोडी खरी असावीत. अर्धवट ऐकलेलं वाक्य जुळवण्यात मेंदूची शक्ती खर्च होते, लक्षात ठेवायला ती उरत नाही. ऐकण्याशी संबंधित भागांना खाद्य मिळेनासं होतं. आणि तिसरं, जे घराघरांत दिसतं: माणूस बोलणं टाळू लागतो. हरिपाठाला जाणं बंद, सोसायटीच्या बैठकीला जाणं बंद, फोन आला की ‘सूनबाईशी बोला’ म्हणून पुढे सरकवणं. वर्षभरात घरचे म्हणू लागतात, ‘बाबा हल्ली हरवल्यासारखे असतात.’

श्रवणयंत्रानं हे थांबतं का? इथं पुरावा आहे तसा सांगायला हवा. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ जणांवर ‘अचीव्ह’ ही चाचणी झाली, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तीन वर्षांनंतर सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर यंत्र दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच हृदयरोगाचे धोके जास्त होते, वय जास्त होतं, बुद्धीच्या चाचणीत सुरुवातीलाच गुण कमी होते, त्या गटात घसरण ४८ टक्के मंद झाली. यंत्र विकणारे फक्त ४८ टक्के सांगतात, शंका घेणारे फक्त पहिला निष्कर्ष. माझं मत असं की आपल्याकडचा साधारण सत्तरीचा माणूस, रक्तदाब आणि मधुमेह घेऊन आलेला, शाळा कमी शिकलेला, हा त्या दुसऱ्या गटाच्या जवळ जातो. आणि समजा स्मृतिभ्रंशावर काहीच परिणाम झाला नाही, तरी ऐकू येणं हा स्वतःच एक फायदा आहे. चष्मा देताना आपण ‘यानं बुद्धी वाढते का?’ असं कुठं विचारतो?

कान तपासण्याची पहिली पायरी घरी करता येते. ज्याला तपासायचं त्याच्या मागं हातभर अंतरावर, म्हणजे साधारण दोन फुटांवर उभं राहायचं, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. त्यानं दुसऱ्या कानाच्या भोकापुढची पाळी बोटानं दाबून हलवत राहायची. तपासणाऱ्यानं श्वास पूर्ण सोडून, मग कुजबुजत तीन अंक किंवा अक्षरं म्हणायची: ‘चार, क, दोन’. तिन्ही बरोबर आली तर तो कान ठीक. चुकली तर वेगळी तीन म्हणायची. सहांपैकी तीनही बरोबर आली नाहीत तर पुढची तपासणी हवी. मग दुसरा कान. पाच मिनिटांचं काम आहे. श्वास सोडल्याशिवाय कुजबुजलं तर आवाज आपोआप मोठा निघतो आणि नापास व्हायचा माणूस पास होतो, ही नेहमीची चूक.

त्यानंतर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं, कारण कित्येकदा दोष साध्या मळाचा असतो. गरम तेल ओतू नये, काडी किंवा किल्ली घालू नये; पडद्याला भोक असेल तर पाण्याची पिचकारीही घातक. मळ काढूनही ऐकू येत नसेल तर आवाजबंद खोलीतली ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीतलं किती ऐकू येतं याची मोजणी, २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत, दोन्ही कानांची, आणि सोबत शब्द ओळखण्याची चाचणी. हातात या मोजणीचा आलेख आल्याशिवाय यंत्र घ्यायचं नाही. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणारे कानातले डबे सगळेच आवाज सारखे वाढवतात. खालची पट्टी आधीच ऐकू येत असते, ती वाढून भांड्यांचा खणखणाट कानात घुसतो आणि व्यंजनं मागेच राहतात. मग निष्कर्ष निघतो की यंत्राचा उपयोग होत नाही.

चांगलं यंत्रसुद्धा कपाटात जातं, आणि त्याची कारणं ठरलेली आहेत. पैसे वाचवण्यासाठी दोन्ही कानांना दोष असताना एकाच कानाला घेतलेलं यंत्र. त्यानं गर्दीत आवाज कुठून येतो ते कळत नाही. कानाचा साचा सैल असला की शिट्टी वाजते. नळीत मळ अडकतो. झिंक-एअर बॅटरीवरचा रंगीत कागद काढला की तिचा वापर सुरू होतो, मग यंत्र वापरा वा न वापरा. कागद काढून मिनिटभर थांबून बॅटरी बसवायची असते, हे कोणी सांगितलेलं नसतं. आकारानुसार ती आठवडा-दोन आठवडे टिकते, मोठ्या आकाराची जरा जास्त. कोकणातल्या पावसाळ्यात दमटपणानं यंत्र बंद पडतं; रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवून सिलिका जेल घातलेल्या डबीत ठेवलं तर बरंच टिकतं. या बॅटऱ्या गोळ्यांसारख्या दिसतात, म्हणून औषधांच्या डब्याजवळ ठेवू नयेत आणि नातवंडांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळली तर तासाभराचाही उशीर न करता दवाखाना गाठायचा.

सर्वांत मोठं कारण मात्र सवयीचं. पाच-सात वर्षं न ऐकलेले आवाज एकदम आले की मेंदू गांगरतो. पंख्याची घरघर, स्वतःच्या चप्पलेचा आवाज, वर्तमानपत्राची पानं, सगळं कर्कश वाटतं. म्हणून पहिला आठवडा फक्त घरात, शांत खोलीत, दिवसाला एक-दोन तास. मग टीव्हीसमोर, मग दोघा-तिघांत, मग बाजारात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दिवसभर. मधे किमान दोनदा ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन सेटिंग बदलून घ्यायचं. घरच्यांनी आधी नावानं हाक मारायची, समोर उजेडात उभं राहून बोलायचं, मिक्सर बंद करायचा, आणि वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा न ओरडता वेगळ्या शब्दांत सांगायचं. ‘गोळी घेतलीत का?’ कळलं नाही तर ‘रक्तदाबाचं औषध झालं का?’

आता सरकारकडे वळू. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्यातून मोतीबिंदूची जी साखळी उभी राहिली ती पाहण्यासारखी आहे: गावात तपासणी, ठरलेल्या दिवशी गाडी, शस्त्रक्रिया, कृत्रिम भिंग, पुन्हा तपासणी. आज खेड्यातल्या म्हातारीलाही माहीत असतं की मोतीबिंदू ‘काढून मिळतो’. दृष्टीचा बुद्धीशीही संबंध दिसतो: अमेरिकेत सिएटलच्या परिसरात झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोतीबिंदू काढलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ३० टक्के कमी आढळलं. तो निरीक्षणाचा अभ्यास होता, म्हणून त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

कानासाठी मात्र अशी साखळी नाही. बहिरेपणा नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून कागदावर आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. पण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आजोबांना वांद्र्याचा काय उपयोग? त्यातून २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं रेषा आखली ती अशी: दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल दोष (डेसिबल हे आवाजाच्या मोठेपणाचं माप; आकडा जितका मोठा, तितकं कमी ऐकू येतं) असेल तर ‘कमी ऐकू येणारा’, ७० च्या वर ‘कर्णबधिर’. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत ३५ ते ५० हा मध्यम दोष आणि ५० ते ६५ मध्यम-तीव्र. ज्या ४५-५५ डेसिबलच्या माणसाला यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग होतो, ज्याचा शब्दांशी संबंध अजून तुटलेला नाही, तो दिव्यांग प्रमाणपत्राच्या या रेषेच्या बाहेर राहतो. मुलांसाठी आणि नोकरीतल्या आरक्षणासाठी ती रेषा असू द्या. उतारवयातल्या यंत्रासाठी ती लावण्यात काही अर्थ नाही.

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, आणि एकदाच ३,००० रुपये खात्यात. त्यातून चष्मा, काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा किंवा श्रवणयंत्र घ्यायचं. प्रमाणपत्राची अट नाही, हे चांगलंच. पण ३,००० रुपयांत काठी येते. आलेखानुसार बसवलेलं दोन कानांचं यंत्र येत नाही. येतो तो मघाशी सांगितलेला डबा. म्हणजे सरकारी पैसा नेमका अशा वस्तूवर जातो जी महिनाभरात कपाटात पडणार. केंद्राची ७० वर्षांवरील सर्वांसाठी पाच लाखांची आयुष्मान योजना २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, ती रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते. पडून मांडीचं हाड मोडलं तर पैसे मिळतात. पडू नये म्हणून रक्तदाब उभ्यानं मोजायला, गोळ्या तपासून घ्यायला, कान बघून घ्यायला तिच्यात जागा नाही.

इथं एक आक्षेप येतो: मोतीबिंदूची शिबिरं घेतो तशी कानाची घ्या, यंत्रं वाटा, झालं. नाही होणार. मोतीबिंदू काढला की माणसाला दुसऱ्या दिवशी दिसतं. कानाचं यंत्र दुसऱ्या दिवशी नकोसं होतं. शिबिरात वाटून फोटो काढून निघून जाण्याची पद्धत इथं हमखास फसते. खर्चाचा मोठा भाग यंत्रावर न करता नंतरच्या तीन भेटींवर करायला हवा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी येणारा ऑडिओलॉजिस्ट, साचे बनवण्याची सोय, बॅटऱ्यांचा साठा, आणि लाभार्थ्याला तिसऱ्या, सहाव्या आठवड्याला फोन. योजनेचं यश किती यंत्रं वाटली यावर न मोजता सहा महिन्यांनी किती कानांवर आहेत यावर मोजावं.

कानावर मी जास्त रेंगाळलो, कारण तिथलं काम सुरूच झालेलं नाही. बाकीच्या गोष्टींत निदान पायवाट आहे.

रक्तदाबाचं घ्या. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत वरचा आकडा १४० च्या ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न झाला; २०१९ च्या निष्कर्षांत सौम्य बौद्धिक घसरण १९ टक्क्यांनी कमी दिसली. स्मृतिभ्रंशातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही, पण कल त्याच बाजूचा होता. आपल्याकडे बहुसंख्यांचा १४० च्या खालीही नसतो, आणि नीट मोजलेलाही नसतो. लघवीला जाऊन यायचं, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर, आणि मिनिटाच्या अंतरानं दोन वाचनं. खेड्यांतल्या बायकांच्या बाबतीत मशेरीचं विचारायला विसरू नये. ती तंबाखूच आहे. आणि वृद्धाचा रक्तदाब उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायलाच हवा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर तो माणूस पहाटे बाथरूमला जाताना पडू शकतो, आणि डोक्याला मार हेही त्या १४ कारणांतलं एक आहे. रक्त पातळ करणारी गोळी घेणारा पडला, त्या वेळी ठीक वाटला, आणि दोन-तीन आठवड्यांनी सुस्त व गोंधळलेला दिसू लागला, तर ते वय समजू नये. कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त असू शकतं, आणि ते काढता येतं.

गोळ्यांच्या डब्याबद्दल तर स्वतंत्र लेख व्हावा. झोपेसाठी वर्षानुवर्षं चाललेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, हातापायांना येणाऱ्या मुंग्यांसाठी किंवा झोपेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, लघवी आवरण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन: यांतल्या कोणत्याहीमुळे उतारवयात डोकं जड, बोलणं अडखळतं आणि विसर पडतो. दोन एकत्र असल्या तर विचारूच नका. रक्तदाबासाठीच्या हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोननं सोडियम उतरतं, उन्हाळ्यात जास्तच. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकलं तर साखर उतरते आणि माणूस भलतंच बोलू लागतो. मेटफॉर्मिन आणि पोटातलं अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर बी-१२ कमी होतं. शाकाहारी घरात ते आधीच कमी असतं. रक्तात मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली उपचार हवाच, २०० ते ३०० च्या मधल्यांचाही विचार व्हावा. सोबत थायरॉइडची टीएसएच. या दोन रक्ततपासण्या न करता ‘वयोमानामुळे’ असं केसपेपरवर लिहिणं हा आळस आहे.

करायचं एवढंच: दर सहा महिन्यांनी घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णं, शेजारणीनं सांगितलेली पुडी, सगळं एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरपुढे उलटं करायचं आणि प्रत्येकाबद्दल ‘ही अजून का?’ असं विचारायचं. झोपेच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, फिट येऊ शकते. त्या आठवड्या-आठवड्यानं उतरवत नेतात. आणि विसर महिनोन्‌महिने वाढत न येता कालपासून अचानक आला असेल, माणूस रात्री जागा व दिवसा गुंगीत असेल, तर तो स्मृतिभ्रंश नसून बहुधा लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेलं पोट, कमी पाणी किंवा उतरलेलं सोडियम असतं. त्याच दिवशी दवाखाना.

स्मरणाची चाचणी घेणाऱ्यांनीही थोडं सांभाळावं. शाळेत न गेलेल्या बाईला शंभरातून सात-सात वजा करायला सांगून, घड्याळ काढायला लावून मिळालेले गुण तिच्या बुद्धीचे नसतात, तिच्या शाळेचे असतात. हरियाणात बल्लभगढच्या संशोधनासाठी निरक्षर वृद्धांना लागू पडेल अशी हिंदी चाचणी नव्वदच्या दशकातच तयार झाली. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मराठी बोलीत, बाजारहाट, सणवार, नात्यांची नावं यांवर बेतलेली आणि इथल्याच निरक्षर वृद्धांवर पडताळलेली चाचणी वापरात असायला काय अडचण आहे? आणि चाचणीआधी कानाला साधा आवाज-वाढवणारा हेडफोन लावावा. न ऐकलेले शब्द कोणाला आठवणार?

राहिला एकटेपणा. महापालिकांची विरंगुळा केंद्रं आणि ज्येष्ठ नागरिक संघ ही महाराष्ट्राची जमेची बाजू आहे; ७५ वर्षांवरील लोकांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, तोही या दृष्टीनं आरोग्यावरचाच खर्च मानायला हवा. पण कट्ट्यावर नजर टाकली तर बसलेले बहुतेक पुरुष असतात. ज्यांच्यात स्मृतिभ्रंश जास्त, त्या बायका घरात नातवंडं सांभाळत किंवा ‘आता तू आराम कर’ म्हणून हातातलं काम काढून घेतलेल्या अवस्थेत. हिशेब ठेवणं, भाजी निवडून आणणं, पाहुण्यांचं जेवण ठरवणं ही सगळी कामं बुद्धीची आहेत. ती प्रेमानं काढून घेतली तरी काढून घेतलीच. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी योगेंद्र बांगर या शिक्षकानं ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी लुगडी नेसून पाटी-पुस्तक घेऊन बसू लागल्या. अशी शाळा स्मृतिभ्रंश टाळते असा दावा मी करणार नाही. पण त्या यादीतल्या दोन गोष्टी, न मिळालेली शाळा आणि तुटलेली सोबत, दुपारच्या त्याच वेळात तिथं हाताळल्या जातात, आणि खर्च एका खोलीचा. दर तालुक्याला अशी पाच-सहा चालवायला वेगळा निधी लागणार नाही. गावोगावच्या समाजमंदिरांचं कुलूप दुपारी उघडावं लागेल.

आशाताई घरोघरी जाऊन जो तपासणीचा फॉर्म भरतात त्यात ‘ऐकायला अडचण आहे का?’ हा प्रश्न आहे. जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, हेही विचारलेलं आहे. उत्तर ‘हो’ आलं की पुढे काय, तिथं सगळं थांबतं. माझी मागणी त्या ‘हो’च्या पुढची आहे. आठवड्याच्या आत आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या (गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या) समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं कुजबुज चाचणी घ्यावी, कानात मळ आहे का ते बघावं, रक्तदाब बसून आणि उभ्यानं मोजावा, गोळ्यांची पिशवी उलटी करून यादी लिहावी. महिन्याच्या आत तालुक्याला ऑडिओमेट्री, बी-१२ आणि टीएसएच व्हावं. ४० डेसिबलच्या पुढे दोष असलेल्या प्रत्येक वृद्धाला, दिव्यांग प्रमाणपत्र न मागता, दोन्ही कानांची यंत्रं मिळावीत आणि तीन भेटींची तारीख त्याच दिवशी कार्डावर लिहून द्यावी. भेटीला येण्या-जाण्याची सोय पंचाहत्तरीच्या पुढच्यांसाठी एसटीनं केलेलीच आहे. पासष्ट ते पंचाहत्तरच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे आरोग्य खात्यानं भरले तरी ते दुसऱ्या दिवशी कपाटात जाणाऱ्या यंत्रापेक्षा स्वस्तच पडतील.